संरक्षणखर्च वाढवावा, पण कशासाठी?

दापोडीजवळचा हॅरिस पूल ओलांडून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत प्रवेश केला की लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर लागतो. पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी कारखान्यांची रांग संपत येते, तोच देहूरोडची छावणी आणि तेथील दारूगोळा कोठार सुरू होते. पूर्वेला दिघी, दक्षिणेला खडकी. आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका असा जिचा उल्लेख वर्षानुवर्षे होत आला, ती ही उद्योगनगरी अशी लष्कराच्या सान्निध्यातच वाढली आहे. देशाने संरक्षणावर किती खर्च करावा हा प्रश्न दिल्लीतील तज्ज्ञांचा किंवा युरोपातील मुत्सद्द्यांचा आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक, चाकणच्या मोटार कारखान्यातील कामगार आणि रुपीनगरमधील घरमालक या तिघांच्याही संसाराशी त्याचा संबंध पोचतो.

युरोपात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ऐरणीवर आला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि अवघ्या तीन दिवसांत जर्मनीचे तत्कालीन चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी सैन्यदलांसाठी १०० अब्ज युरोंच्या विशेष निधीची घोषणा केली. शीतयुद्ध संपल्यापासून लष्करी खर्चाबाबत हात आखडता घेणाऱ्या या देशाने मार्च २०२५ मध्ये त्याही पुढचे पाऊल टाकले. सरकारी कर्जावर घटनेनेच घातलेली मर्यादा, राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून अधिक होणाऱ्या संरक्षणखर्चापुरती शिथिल करण्यात आली. जून २०२५ मध्ये हेग येथे भरलेल्या नाटो परिषदेत सदस्य राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के खर्चाचे लक्ष्य मान्य केले. त्यातील साडेतीन टक्के प्रत्यक्ष लष्करावर, तर दीड टक्का रस्ते, पूल, दळणवळण यांसारख्या पूरक बाबींवर खर्च व्हावयाचा आहे. स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या संस्थेच्या गणनेनुसार २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलरवर गेला. त्या यादीत जर्मनी ८,८५० कोटी डॉलरसह चौथा आणि भारत ८,६१० कोटी डॉलरसह पाचवा होता.

जर्मनीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले, कारण या पट्ट्याचे त्या देशाशी जुने नाते आहे. मर्सिडीज-बेंझने भारतातील पहिली मोटार १९९५ मध्ये बांधली ती टेल्कोच्या पिंपरी येथील आवारात. कंपनीचा स्वतःचा कारखाना पुढे चाकणला उभा राहिला आणि फोक्सवॅगनचा चाकणचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. आज त्याच फोक्सवॅगनचा मायदेशातील ऑस्नाब्रुकचा कारखाना मोटारींअभावी रिकामा पडण्याच्या बेतात आहे. २०२५ मध्ये ऱ्हाइनमेटाल या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या प्रमुखांनी तो कारखाना संरक्षण उत्पादनास योग्य असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा चाकण परिसरातील अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. मोटार विकली जात नसेल तर रणगाडा बनवावा, हा विचार तेथे आता उघडपणे बोलला जातो. मोटारींची मागणी मंदावली की आपल्याकडेही संरक्षण क्षेत्राकडे बोट दाखविले जाते. ती वाट खरोखर मोकळी आहे काय, हे तपासून पाहण्याची गरज आहे.

त्याआधी एक भेद लक्षात घ्यावा लागेल. एकूण खर्चाच्या यादीत जर्मनी आणि भारत शेजारी बसले असले, तरी जर्मन नागरिकाचे सरासरी उत्पन्न भारतीयाच्या सुमारे वीसपट आहे. श्रीमंत देशाला कर्ज काढून तोफाही घेता येतात आणि दवाखानेही चालू ठेवता येतात. आपल्याकडे एका खात्यात वाढलेला रुपया बहुधा दुसऱ्या खात्यातून उचललेला असतो. अर्थव्यवस्थेच्या आकारमानाने भारत पहिल्या पाच-सहा देशांत गणला जातो, म्हणून त्याला ‘श्रीमंत’ ठरवून युरोपची टक्केवारी लावणे हा हिशेबातील घोटाळा होय.

गोखल्यांचा हिशेब

हा हिशेब प्रथम मांडला गेला तोही पुण्यातूनच. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये इंग्लंडला जाऊन वेल्बी आयोगासमोर साक्ष दिली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा हा शाही आयोग होता आणि दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. पुढे १९०२ पासून कलकत्त्याच्या विधिमंडळात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर जी भाषणे केली, त्यांत लष्करी खर्चाचा मुद्दा पुनःपुन्हा आला. १९०० च्या सुमारास चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील मोहिमांसाठी हिंदुस्थानातून फौजा पाठविण्यात आल्या होत्या. एवढी फौज बाहेर धाडूनही देशाचे काही अडत नसेल, तर ती देशाच्या गरजेपेक्षा अधिक आहे आणि तिचा भार साम्राज्याने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या सैन्याचे बिल जगातील एक अत्यंत दरिद्री देश मिठावरील करातून भरत होता. मिठावरचा कर १९०३ मध्ये कमी झाला. लष्करी खर्च मात्र हलला नाही. याच गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले.

गोखले सैन्याच्या विरोधात नव्हते, ही गोष्ट त्यांचे नाव घेणारे अनेकदा विसरतात. खर्च कोणाच्या गरजेसाठी आणि त्याच्या बदल्यात काय सोडावे लागते, एवढेच ते विचारीत होते.

स्वातंत्र्यानंतर काटा उलट्या बाजूला झुकला. पन्नाशीच्या दशकात संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास ठेवण्यात आला. धरणे, पोलाद कारखाने यांना अग्रक्रम मिळाला. १९५४ मध्ये पिंपरी येथे सुरू झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा पेनिसिलिन कारखाना हे त्याच धोरणाचे अपत्य, आणि या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभही तोच. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनने त्या धोरणातील उणीव उघडी पाडली. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे मराठी माणूस आजही अभिमानाने सांगतो. एक-दोन वर्षांतच खर्चाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. १९६५ चे युद्ध आणि पाठोपाठचे दोन दुष्काळ यांचा ताण असा पडला, की पंचवार्षिक योजनाच तीन वर्षे, म्हणजे १९६६ ते १९६९, बाजूला ठेवाव्या लागल्या. योजना पुन्हा रुळावर आणण्याचे काम गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे आले, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे.

संरक्षणावर वेळेवर खर्च न केल्याची किंमत १९६२ ने दाखवली आणि घाईने केलेल्या खर्चाची किंमत पुढच्या सात वर्षांनी. दोन्ही अनुभव गाठीशी असताना केवळ टक्केवारीचा वाद घालणे आपल्याला शोभत नाही.

रुपया जातो कुठे?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण अर्थसंकल्पाच्या साडेतेरा टक्क्यांच्या जवळपास ही रक्कम जाते. आकडा डोळे दिपविणारा आहे. त्याची फोड केली की चित्र पालटते. १ लाख ६० हजार ७९५ कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे, म्हणजे रुपयातील चोवीस पैशांच्या आसपास. सैन्यदलांच्या भांडवली खर्चासाठी, ज्यातून तोफा, विमाने, जहाजे येतात, १ लाख ८० हजार कोटी, म्हणजे सव्वीस पैसे. उरलेल्यातील मोठा भाग वेतन, भत्ते, शिधा, इंधन आणि देखभाल यांवर जातो.

निवृत्तिवेतनाला वायफळ खर्च म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत किंवा सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोरडवाहू पट्ट्यात माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन हे कित्येक घरांचे एकमेव खात्रीचे उत्पन्न आहे. २०२२ च्या ‘अग्निपथ’ योजनेने चार वर्षांची भरती सुरू झाल्यापासून तेथील तरुणांच्या मनात जी अस्वस्थता आहे, तिचे मूळ इथेच आहे. परंतु संरक्षणखर्च वाढला म्हणजे भोसरी-चाकणला काम वाढले, असे गणित मांडणाऱ्यांनी ही फोड डोळ्यांपुढे ठेवावी. वाढलेल्या प्रत्येक रुपयातील जेमतेम पाव रुपया सामग्रीच्या खरेदीकडे वळतो आणि त्यातही आयातीचा वाटा असतो.

आणि तरतूद झाली म्हणजे खर्च झाला असेही नाही. २०२४-२५ मध्ये १ लाख ७२ हजार कोटींची भांडवली तरतूद वर्षअखेरीस सुधारित अंदाजात १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आली. एकीकडे निधी अपुरा असल्याची ओरड आणि दुसरीकडे मिळालेला निधी संपत नाही, हे आपल्या संरक्षण खरेदीचे जुने दुखणे आहे.

तोफेची बारा वर्षे

या दुखण्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. १९८६ मध्ये भारताने स्वीडनकडून ४१० बोफोर्स तोफा घेण्याचा करार केला. दुसऱ्याच वर्षी दलालीचे प्रकरण उघडकीस आले आणि त्या धसक्याने तोफांची मोठी खरेदी जवळजवळ तीन दशके रखडली. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर त्याच बोफोर्सने लाज राखली. नव्या तोफांचा पुढचा करार झाला तो २०१६ मध्ये, अमेरिकी बनावटीच्या १४५ हलक्या तोफांचा. दरम्यान २०१३ मध्ये पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने देशी बनावटीच्या १५५ मिलिमीटर तोफेचा प्रकल्प हाती घेतला. मुंढव्याची भारत फोर्ज आणि टाटा समूह हे उत्पादनातील भागीदार होते. चाचण्या, सुधारणा, पुन्हा चाचण्या असे करता करता ३०७ तोफा आणि त्या ओढणाऱ्या वाहनांचा सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. म्हणजे एक तप गेले.

भारत फोर्जसारख्या कंपनीला बारा वर्षे थांबणे जमले, कारण तिचा मुख्य धंदा मोटारींच्या सुट्या भागांचा होता. तिच्यासाठी एखादा भाग घडविणाऱ्या भोसरीच्या कारखानदाराचे काय? वाहन उद्योगात त्याला महिन्याचे वेळापत्रक मिळते. भाव पाडून मिळतो, कटकटी असतात, पण या महिन्यात इतके नग, पुढच्या महिन्यात इतके, हे त्याला ठाऊक असते आणि त्या भरवशावर तो बँकेकडून कर्ज काढून सीएनसी यंत्र घेतो. संरक्षणाचे काम नेमके याच्या उलट चालते. नग थोडे, धातू खास प्रतीचा, अचूकतेची अट कडक, गुणवत्ता तपासणीच्या फेऱ्या अनेक, आणि पहिला नमुना मंजूर झाल्यावर मोठी ऑर्डर केव्हा येईल हे सांगणारा कोणी नाही. यंत्राचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. लघुउद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते करावे असे २००६ चा कायदा सांगतो. ते तसे मिळतेच असे सांगणारा उद्योजक मला तरी अद्याप भेटावयाचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीच्या प्रदर्शन केंद्रात लघु व मध्यम उद्योगांसाठी संरक्षण सामग्रीचे प्रदर्शन भरले, तेव्हा उत्सुकतेने गर्दी लोटली. ते साहजिकही होते. या पट्ट्यात ओतकाम, फोर्जिंग, यंत्रण, उष्णता प्रक्रिया, साचे बनविणे अशी सारी कसबे हाताच्या अंतरावर आहेत. तळेगावला लार्सन अँड टुब्रोच्या प्रकल्पात पिनाका अग्निबाणांचे प्रक्षेपक तयार होतात. लष्करी पुलांचे संशोधन दिघीच्या प्रयोगशाळेत होते. तरीही २०१८ च्या अर्थसंकल्पात संरक्षण उद्योगाचे दोन पट्टे जाहीर झाले ते उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूत. पुण्याला वगळण्याचे कारण पुण्यात काही कमी होते हे नसून पुण्यात आधीच पुष्कळ होते, असे सांगितले जाई. हा युक्तिवाद ऐकून उद्योजकांना काय वाटले असेल, ते सांगावयास नको.

प्रमाणाचे भानही ठेवले पाहिजे. २०१७ मध्ये लष्कराने टाटा मोटर्सला ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांची ऑर्डर दिली, तिची वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. चाकण-पिंपरीतून वर्षाला बाहेर पडणाऱ्या वाहनांच्या तुलनेत ही संख्या किरकोळ आहे. देशाचे एकूण संरक्षण उत्पादन २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटी रुपयांच्या घरात गेले आणि निर्यात २३,६२२ कोटींवर पोचली. २०१३-१४ मध्ये हीच निर्यात अवघी ६८६ कोटी होती. ही वाढ कौतुकास्पद आहेच. मात्र मोटार उद्योगातून सुटणारा कामगार तोफा-बंदुकांच्या कारखान्यात सामावला जाईल, ही आशा या आकड्यांवर उभी राहत नाही. केवळ रोजगार हेच उद्दिष्ट असेल तर तेवढ्याच पैशांत शाळा, दवाखाने आणि रस्ते अधिक हातांना काम देतील. संरक्षणखर्चाचे समर्थन सीमेवरील गरजेनेच करावे लागेल. चीन आणि पाकिस्तान अशा दोन आघाड्यांकडे पाहता ती गरज खरी आहे, आणि भांडवली खर्चाचा वाटा वाढला पाहिजे हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. तो वाढवताना पुढील पाच-सात वर्षांत काय व किती घेणार, हे उद्योगांना आधी सांगितले गेले, तर त्याच पैशांत अधिक सामग्री मिळेल. कारण अनिश्चिततेची किंमत प्रत्येक पुरवठादार आपल्या भावात लावतच असतो.

खडकीच्या भोंग्यांची गोष्ट

खासगी उद्योगाच्या या उत्साहात एक जुना कामगारवर्ग मागे पडला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तेथीलच उच्च स्फोटकांचा कारखाना १९४० चा. त्यांच्या भोंग्यांवर खडकी, दापोडी, बोपोडीच्या दोन-तीन पिढ्यांचे दिवस उगवले आणि मावळले. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातील आयुधनिर्माणी कामगारांनी कंपनीकरणाविरुद्ध संप केला. सरकारने माघार घेतली नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. खडकीचे दोन्ही कारखाने आणि देहूरोडची आयुधनिर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेली आणि या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आले. युक्रेन युद्धानंतर जगभर तोफगोळ्यांची मागणी वाढल्याने या कंपनीला निर्यातीचे दिवस आले आहेत. कंपनीकरण चुकीचेच होते असे म्हणता येणार नाही. परंतु स्फोटके हाताळणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेवर नफा-तोट्याच्या हिशेबात कात्री लागणार नाही ना, ही कामगारांची शंका जानेवारी २०२५ मध्ये भंडारा आयुधनिर्माणीत स्फोट होऊन कामगार दगावले तेव्हा पुन्हा पुढे आली.

रेड झोनचा भार

संरक्षणखर्चाचा एक भाग असा आहे की जो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराच्या सीमेपासून दोन हजार यार्ड, म्हणजे सुमारे १,८०० मीटर अंतरापर्यंत बांधकामास मनाई आहे. ‘रेड झोन’ या नावाने ते क्षेत्र शहरात सर्वांना ठाऊक आहे. निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे, चिखली, रावेत, किवळे या भागांतील कमी-अधिक वस्ती त्यात येते. दिघीच्या कोठाराभोवती असेच निर्बंध असून दिघी, भोसरी, चऱ्होलीचा काही भाग त्यांत अडकला आहे. मूळ कायदा १९०३ चा, म्हणजे गोखले मिठावरील कराविरुद्ध भाषणे करीत होते त्या काळचा.

कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी स्वस्त मिळाली म्हणून येथे गुंठा-अर्धा गुंठा जागा घेतली आणि घरे बांधली. त्यांतील अनेकांना रेड झोन हा शब्द व्यवहारानंतर ऐकू आला. नकाशा मंजूर होत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. घर विकावयाचे तर भाव मिळत नाही. जुन्या घराला नवा मजला चढवावा तर नोटीस येते. निर्बंध निरर्थक आहेत असे मात्र कोणी म्हणू नये. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या कोठाराला आग लागली, तीत लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी प्राणास मुकले, आणि आसपासच्या गावांतील लोकांना घरदार सोडून पळावे लागले. देहूरोडभोवतीची वस्ती पुलगावपेक्षा कितीतरी दाट आहे.

निर्बंधांमुळे ज्यांच्या मालमत्तेचे मोल घटते त्यांना नुकसानभरपाई देण्याची तरतूद १९०३ च्या कायद्यातच आहे. प्रत्येक निवडणुकीत रेड झोनची हद्द कमी करण्याचे आश्वासन दिले जाते, मोजणीची मागणी होते, शिष्टमंडळे दिल्लीला जाऊन संरक्षणमंत्र्यांना निवेदन देऊन येतात. हद्द कमी करणे हा स्फोटकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने त्यास लष्कर सहजी तयार होणार नाही, हे उघड आहे. भरपाईचा प्रश्न मात्र केवळ पैशांचा आहे. लष्कराच्या वाढीव तरतुदीची मागणी करताना तिच्यात या घरमालकांची रक्कमही धरावी, अशी मागणी या शहराने अद्याप जोर लावून केलेली नाही.